स्नोमोबीलच्या स्की : आधी मोजा, मग घ्या

यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ देता-घेता तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही स्नोमोबीलला नव्या स्की बसवल्या म्हणे! कोणत्या घेतल्या? किती पडले?" उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, आणि खरे सांगायचे तर त्यामागची हकीकत हसत हसत सांगण्यासारखीही नाही. संपादकांनी "आरोग्य आणि अर्थ" या पानासाठी लिहायला सांगितले, तेव्हा आधी वाटले की स्नोमोबीलचा या पानाशी काय संबंध? मग घरातली दोन बिले समोर ठेवली. एक हॉस्पिटलचे, दुसरे स्नोमोबीलच्या दुकानाचे. संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे.

मिनेसोटात येऊन आम्हाला पस्तिसाहून अधिक वर्षे झाली. त्यातले पहिले पंचवीस-तीस हिवाळे खिडकीतून बर्फ पाहण्यात आणि ड्राइव्ह-वे साफ करण्यात गेले. वास्तविक हे राज्य म्हणजे स्नोमोबीलचे माहेर. पोलॅरिस कंपनी १९५४ साली रोझो या गावात निघाली. आर्क्टिक कॅट त्यानंतर काही वर्षांनी थीफ रिव्हर फॉल्समध्ये सुरू झाली. राज्यात वीस हजार मैलांहून अधिक लांबीच्या स्नोमोबीलच्या वाटा आहेत. मुले शिकून बाहेर पडली, घर रिकामे झाले, आणि २०१९ मध्ये शेजारच्या आजोबांच्या आग्रहाने आम्ही दोघांना बसता येईल अशी एक जुनी स्नोमोबील ४,२०० डॉलरला घेतली. हिवाळ्यात घराबाहेर पडायला कारण मिळाले. सौ.ची तब्येत आणि माझा स्वभाव दोन्ही सुधारले, असे मुलीचे मत.

अपघात

फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही नॉर्थ शोअर स्टेट ट्रेलवर गेलो होतो. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत लेक सुपीरियरच्या वरच्या अंगाने जाणारी ही १४६ मैलांची वाट आहे. दुपारची वेळ होती. आमच्या आधी बऱ्याच गाड्या जाऊन वाट चांगली टणक झाली होती. एका वळणावर समोरून गाडी येताना दिसली म्हणून मी उजवीकडे वळवायला गेलो, तर हँडल उजवीकडे आणि गाडी डावीकडे! दोन्ही स्की आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या रेघेत शिरल्या आणि गाडीला ओढतच समोरच्यावर घेऊन गेल्या. समोरचा माणूस हुशार, तो हातभर अंतरावरून निसटला. आम्ही कडेच्या बर्फाच्या ढिगावर आदळलो. मला काही झाले नाही. सौ. मागून फेकली गेली आणि तिचे उजवे मनगट मोडले.

सहा आठवडे प्लॅस्टर होते. हॉस्पिटलच्या बिलातला आमच्या वाट्याचा डिडक्टिबल ३,००० डॉलर. त्या सहा आठवड्यांत मी पोळ्या लाटायला शिकलो, एवढीच काय ती जमेची बाजू. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. "अहो, बर्फच तसा होता," एवढेच म्हणाली. पण हँडल माझ्या हातात होते, हे मला माहीत होते.

गाडी चाकोरीत का शिरते?

माझे बालपण साताऱ्याजवळच्या एका खेड्यात गेले. बैलगाड्या जाऊन जाऊन रस्त्यात खोल चाकोऱ्या पडत. गाडीवानाला डुलकी लागली तरी चाक चाकोरी सोडत नसे, आणि मुद्दाम बाहेर काढायचे म्हटले तर असा हिसका बसे की मागे बसलेल्याने दांडा धरलाच पाहिजे. स्नोमोबीलच्या स्कीचे नेमके हेच होते. येथे त्याला डार्टिंग म्हणतात.

हे समजण्यासाठी स्कीची रचना थोडक्यात पाहू. आजकालच्या स्की बहुधा जाड, चिवट प्लास्टिकच्या असतात. स्कीच्या तळाला मधोमध होडीसारखा पुढे आलेला कणा असतो, त्याला कील म्हणतात. कीलच्या खाली लोखंडी सळई बसवलेली असते आणि त्या सळईच्या धारेत टंगस्टन कार्बाइडचे तुकडे बसवलेले असतात. टणक बर्फात रुतून गाडी वळवते ती ही कार्बाइडची धार. वरच्या बाजूला स्की एका बोल्टवर स्पिंडलला टांगलेली असते, म्हणजे ती पुढे-मागे डुलू शकते. स्की आणि स्पिंडल यांच्यामध्ये एक रबराचा ठोकळा असतो. हे डुलणे आवरते ठेवणे हे त्याचे काम. हँडलची हालचाल स्पिंडलपर्यंत पोचवणाऱ्या दांड्यांना टाय रॉड म्हणतात.

आता यातले काहीही बिघडले की स्की चाकोरी शोधू लागते. टाय रॉडची टोके झिजून सैल झाली, दोन्ही स्कींची दिशा चुकली, रबर कडक होऊन खचले आणि स्कीचे नाक खाली दबू लागले, कार्बाइड एका बाजूने झिजले, किंवा पुढच्या भागावर नको तेवढा भार आला, तर परिणाम एकच. त्यामुळे होते काय, की माणूस समजतो स्कीच वाईट आहे.

माझी चूक

मीही तेच समजलो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका दुकानात गेलो. तेथे भिंतीवर रंगीत स्की ओळीने लावलेल्या होत्या. सर्वांत रुंद आणि सर्वांत खोल कील असलेली जोडी मी उचलली. हिशेब सरळ होता : जास्त रुंद म्हणजे जास्त स्थिर, जास्त खोल म्हणजे जास्त पकड. विकणाऱ्याने मी कोठे आणि कशी गाडी चालवतो हे विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. ती आठ इंची स्की डोंगरातल्या भुसभुशीत, कमरेएवढ्या बर्फासाठी होती. तेथे रुंदी लागते, कारण गाडी बर्फावर तरंगली पाहिजे. आमच्या टणक वाटेवर तरंगण्याचा प्रश्नच नसतो.

परिणाम असा झाला की चाकोरीत शिरणे थांबले नाहीच, वर हँडल इतके जड झाले की तासाभरात खांदा भरून येई. मार्चपर्यंत उजवा हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितला आणि लगेच रक्तातली साखर तपासायला लावली. मधुमेह असलेल्यांना हा विकार इतरांपेक्षा अधिक होतो, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण अधिक आहे. माझी साखर हद्दीवर निघाली. हँडलमुळे खांदा आखडला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, पण दुखत्या खांद्याने जड हँडल ओढणे बंद करा, एवढे स्पष्ट सांगितले. आठ वेळा फिजिओथेरपी झाली.

२०२३-२४ चा हिवाळा येथे जवळजवळ बर्फाविनाच गेला. गाडी गॅरेजमध्ये पडून होती. जानेवारीत शेजारचे आजोबा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारले, "नव्या स्की घेण्याआधी मोजले होतेस का?" मी म्हटले, "काय मोजायचे?" ते घरी जाऊन ॲल्युमिनियमची एक लांब सरळ पट्टी आणि टेप घेऊन आले. वीस मिनिटांत निकाल लागला. डावी स्की एका दिशेला आणि उजवी दुसऱ्या दिशेला पाहत होती. टाय रॉडचे एक टोक हाताने हलत होते. दोन्ही रबरे दगडासारखी झाली होती. हे सारे जुन्या स्की असतानाही असणार, कारण नव्या स्की बसवताना मी फक्त बोल्ट काढला आणि घातला होता.

टाय रॉडची दोन टोके ४८ डॉलर, दोन रबरे ३२ डॉलर. एकूण ८०. या ऐंशी डॉलरमुळे तो अपघात टळला असता, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरे.

मोजायचे कसे?

हे काम घरी करता येते. यंत्रांची आवड नसली तरी चालेल, घाई मात्र नको.

१. गाडीचा पुढचा भाग उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा. प्रत्येक स्की हाताने डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहावी. कोठे खडखड किंवा सैलपणा आढळला तर आधी तो भाग बदलावा. सैल गाडीचे मोजमाप म्हणजे हलत्या तराजूत सोने जोखणे.

२. गाडी सपाट फरशीवर उतरवावी आणि एकदोनदा दाबून सोडावी, म्हणजे सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर येते.

३. हँडल बरोबर सरळ करून बंजी दोरीने बांधून टाकावे. दुसरी दोरी दोन्ही स्कींच्या पुढच्या टोकांना बांधावी, म्हणजे राहिलेला बारीक सैलपणा एका बाजूला ओढला जातो.

४. मागच्या रबरी ट्रॅकच्या कडेला सरळ पट्टी चिकटवून ती पुढे स्कीच्या आतल्या बाजूपर्यंत न्यावी. पट्टीपासून कार्बाइडपर्यंतचे अंतर दोन ठिकाणी मोजावे : स्कीच्या बोल्टच्या दहा इंच पुढे आणि दहा इंच मागे. दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे.

५. पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित जास्त हवे, म्हणजे स्कींची नाके थोडी बाहेर वळलेली हवीत. याला टो-आउट म्हणतात. दोन्ही स्की मिळून साधारण १/८ ते १/४ इंच. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचाच आकडा धरावा. नाके आत वळलेली असतील तर गाडी सरळ राहणे कठीण.

६. फरक असेल तर टाय रॉडचे लॉकनट सैल करून दांडा थोडा थोडा फिरवावा, पुन्हा मोजावे, आणि लॉकनट घट्ट करावेत. दांड्याचे पुरेसे आटे आत राहिले पाहिजेत. ही खात्री नसेल तर दुकानातून करून घ्यावे. येथे कंजुषी नको.

स्की निवडायच्या कशा?

सैल भाग बदलून आणि दिशा जुळवून मी जुन्या स्की परत चढवल्या आणि पुढच्या हिवाळ्यात ऐंशी-एक मैल चालवून पाहिल्या. गाडी ओळखू येईना, इतका फरक पडला. तरी थोडे डार्टिंग होतेच, कारण डांबरी रस्ते ओलांडून ओलांडून कील झिजली होती. तेव्हा कोठे नव्या स्की घेण्याचे खरे कारण माझ्याजवळ होते. या वेळी दुकानात गेलो तो चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून.

बर्फ कोणता? वर्षातल्या दहापैकी नऊ दिवस आपण ज्या बर्फावर असतो, त्याच्यासाठी स्की घ्यावी. तयार केलेल्या वाटेसाठी साधारण सहा इंची स्की पुरते. सात-आठ इंची स्की खोल बर्फासाठी.

वजन किती आणि कोठे? मागे दुसरे माणूस बसले की भार मागे जातो, पुढच्या स्की हलक्या होतात आणि वळणावर गाडी न वळता सरळच जाऊ पाहते. याचा उपाय स्की बदलणे नव्हे. आधी मागच्या सस्पेन्शनची स्प्रिंग दोघांच्या वजनाप्रमाणे लावावी.

पकड किती हवी? कील जितकी खोल आणि कार्बाइड जितके लांब, तितकी पकड जास्त, आणि तितकेच हँडल जड. ट्रॅकला खिळे बसवले असतील तर मागची पकड वाढते, मग पुढेही त्या मानाने जास्त कार्बाइड लागते. खिळे नसतील तर उगाच लांब कार्बाइड घेऊन खांद्याला शिक्षा करू नये.

चाकोरीचा त्रास किती? ज्यांना वर्दळीच्या वाटांवर जायचे आहे त्यांनी दुहेरी कार्बाइडचा विचार करावा. एका स्कीखाली दोन समांतर धारा असतात. त्या दुसऱ्याच्या रेघेत न शिरता आपली रेघ आपण पाडतात. मी हेच घेतले.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्या कंपनीच्या स्की कोणत्याही गाडीला लागतात असे जाहिरातीत असते, ते अर्धेच खरे. स्पिंडलची रुंदी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून आपल्या गाडीचे नाव, मॉडेल आणि साल सांगून जोडणीचे किट वेगळे घ्यावे लागते. यामाहाने उत्तर अमेरिकेत २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबील विकणे थांबवले. अशा गाड्या बाळगणाऱ्यांना पुढे बाहेरच्या कंपन्यांचा माल जास्तच उपयोगी पडेल. मात्र किट मिळते की नाही ते आधी पाहावे, स्कीचा रंग नंतर.

बसवताना

किटमधल्या वॉशर आणि बुशिंग कागदावरच्या चित्राप्रमाणेच लावाव्यात. रबराचा जाड भाग पुढे की मागे, हे नीट पाहावे. उलटे बसले तर स्कीचे नाक खाली दबते. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने घट्ट करावा, आणि नंतर स्की हाताने वर-खाली सहज डुलते ना, ते पाहावे. नट नेहमी नवा लॉकनट, किंवा पिनचा असेल तर पिन नवी. यानंतर टो-आउट पुन्हा मोजावे, कारण स्की बदलली की मापही बदलू शकते.

पहिल्या दिवशी वीस मैलांच्या पुढे जाऊ नये. परत येऊन स्कीचे बोल्ट आणि कार्बाइडचे नट तपासावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहून ठेवावी. स्प्रिंग, रबर आणि कार्बाइड एकाच दिवशी बदलले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कार्बाइडच्या धारेवर नख हलके ओढावे. नखाचा बारीक चुरा निघाला नाही तर धार गेली असे समजावे.

जमाखर्च

माझा हिशेब झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या चुकीच्या स्की, किट आणि कार्बाइड मिळून ५५० डॉलर. त्या विकून २२० आले. नुकसान ३३०. फिजिओथेरपीचे माझ्या वाट्याचे ३२०. दुरुस्तीचे ८०. दुसऱ्या, योग्य स्की, किट आणि दुहेरी कार्बाइड मिळून ५१५. हॉस्पिटलचे ३,००० यात धरलेले नाहीत. खर्चाचा योग्य क्रम असा असायला हवा होता : आधी मोजणे, यात खर्च शून्य. मग सैल भाग आणि रबर. मग कार्बाइड. आणि सर्वांत शेवटी स्की. मी हा जिना वरून खाली उतरलो.

विम्याबद्दल एक शब्द. घराच्या विम्यात स्नोमोबील आपोआप येते, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. घराच्या आवाराबाहेर ती बहुधा येत नाही. एजंटकडून लेखी उत्तर घ्यावे. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना स्नोमोबील चालवण्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा तरुण मंडळींनी तेही करून घ्यावे. आम्ही त्याआधीचे म्हणून सुटलो, पण तो अभ्यासक्रम मी मागच्या वर्षी स्वतःहून केला. वर्गात सगळी बारा-तेरा वर्षांची मुले आणि मी!

आणि तब्येतीबद्दल : अर्ध्या तासात हात किंवा खांदा भरून येत असेल तर ते वयावर ढकलू नका. आधी गाडी तपासा, मग डॉक्टरांना दाखवा, आणि पन्नाशी ओलांडली असेल तर साखरही तपासून घ्या.

गेल्या नोव्हेंबरात मी नव्या स्की बसवत असताना सौ. गॅरेजमध्ये आली. न बोलता टेपचे दुसरे टोक तिने धरले. थंडीत ते मनगट अजून दुखते. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजले. तोच आला. मग ती म्हणाली, "आता बसते मी मागे."

आता दर नोव्हेंबरात टेपचे एक टोक तिच्याकडे. तुमच्यापैकी कोणाला मोजायचे असेल तर ती ॲल्युमिनियमची पट्टी आमच्याकडेच आहे, आजोबांनी परत नेली नाही. शनिवारी सकाळी गाडी घेऊन या, चहा मिळेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.